एकाहत्तरावा नंबर

शिरूरला दातांच्या डॉक्टरांकडे माझी पाळी यायला वेळ होता. दाढ ठणकत होती, आणि दाढ ठणकत असली की मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही. म्हणून समोरच्या टेबलावरचं एक जुनं इंग्रजी मासिक ओढून घेतलं. माझं इंग्रजी दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतं आहे, पण आकडे कुठल्याही भाषेत कळतात. आत पानंच्या पानं भरून जगातल्या मोठमोठ्या लोकप्रिय गायकांची क्रमवारी छापली होती. पहिला नंबर अमुक, दुसरा तमुक, सगळे परके चेहरे. मी आपली पानं उलटत गेले आणि एका फोटोपाशी थांबले. एकाहत्तराव्या नंबरावर ती होती.

ती म्हणजे आप्पांची गायिका. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांच्या हिशेबानं जगात गाणारी एकच, बाकीचे सगळे घसा साफ करणारे.

दाढ विसरले. पुन्हा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शोधलं. आप्पांशी दर रविवारी वाद घालणाऱ्या मामांचा गायक कुठंच नव्हता. शंभरातसुद्धा नव्हता. मला इतकं हसू आलं की शेजारच्या बाई गालाला हात लावून माझ्याकडे बघायला लागल्या. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हे मी घरी नेऊ का?" ती म्हणाली, "न्या की. कुणी वाचत नाही ते."

आयती काडी हातात आली होती, आणि ती दौंडला कुठं टाकायची हे मला चांगलं ठाऊक होतं.

दौंड माझं माहेर. आप्पा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आई गेल्यापासून ते माझ्या भावाजवळ राहतात. खरं तर भाऊ त्यांच्याजवळ राहतो, कारण घर आप्पांचं आहे आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत. मामा काही आमचे सख्खे मामा नव्हेत. आप्पांच्या इंजिनात ते असिस्टंट होते, पुढे स्वतः ड्रायव्हर झाले आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच गल्लीत घर बांधून राहिले. दर रविवारी सकाळी ते आमच्या ओट्यावर येतात, चहा होतो आणि वाद सुरू होतो. मोठं कोण, ती की तो?

त्या दोघांची नावं मी इथं लिहिणार नाही. लिहिली की वाचणारा लगेच एका बाजूला जाऊन बसेल आणि माझं राहील बाजूला. तुमच्याही घरी असा एक ओटा असेलच, तिथली नावं घाला.

हा वाद मी लग्नाआधीपासून ऐकत आले आहे. त्याला एक शिस्त आहे आणि ती इंजिनातून आलेली आहे. गाडी चालू असताना सिग्नल दिसला की असिस्टंट मोठ्यानं पुकारतो, "हिरवा!" ड्रायव्हर स्वतः बघतो आणि तेच मोठ्यानं परत म्हणतो, "हिरवा!" एकानं पुकारलं आणि दुसऱ्यानं परत म्हटलं नाही, तर दोघांनी तो बघितला असं धरत नाहीत. या दोघांनी ती सवय ओट्यावर आणली. मामा म्हणायचे, "तिचा आवाज लई पातळ." आप्पा म्हणायचे, "पातळ म्हणतो!" आणि मग उत्तर द्यायचे, "पातळ न्हाई, सरळ हाय. रुळासारखा." मग मामा म्हणायचे, "त्यो गातो तवा आपल्यातलाच माणूस गातोय असं वाटतं." आप्पा म्हणायचे, "आपल्यातला म्हणतो! आरं, आपल्यातलाच ऐकायचा तर तूच गा की." मग दुःखाच्या गाण्यांचं निघायचं. तिथं आप्पांचं ठरलेलं, की त्याचं लग्नातलं गाणंसुद्धा दहाव्याला लावलं तर चालंल. हे झालं की मामा रागावून उठायचे, चपला घालायचे आणि पुढच्या रविवारी परत यायचे.

आमच्या शिरूरच्या दुकानात तिन्ही त्रिकाळ शिलाई मशीन चालतात. त्या आवाजावर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, आणि तो आवाज मी माहेरीही घेऊन जाते. माझी वहिनी याच्या अगदी उलट. ती पाबळकडची, लग्न होऊन आठेक वर्षं झाली असतील. तिचा आवाज इतका बारीक की समोर बसलं तरी पुढे वाकून ऐकावं लागतं. गेल्या दिवाळीत तिनं स्वयंपाकघरात माझ्यापाशी डोळ्यांना पदर लावला होता.

"ताई, मी चहा नेती, 'आप्पा, चहा' म्हणती, त्ये वर बघत न्हाईत. जेवायला हाक मारली तर हूं न्हाई की चूं न्हाई. तुमच्याशी बोलत्यात, मामांशी भांडत्यात. मीच काय केलंय त्यांचं?"

आप्पा हेकट आहेत, मी म्हटलं, मनावर घेऊ नको. पण तिनं घेतलं होतं. भावाच्या मागं ती लागली होती की आपण हडपसरला खोली बघू, वेगळं राहू. भाऊ हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते एकटे पडणार हे मला दिसत होतं, आणि त्यांच्याच स्वभावानं पडणार, याचा मला संताप यायचा.

तर त्या रविवारी मी मासिक पिशवीत घालून निघाले. न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून दुसरी गाडी. कारखान्याचा सीझन चालू होता, पाटसपाशी उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रांगत होती. पोचले तेव्हा वाद सुरू व्हायच्या बेतात होता. आप्पा खुर्चीत, मामा पायरीवर. आप्पांचा चष्मा आत राहिला होता, म्हणून मी मासिक मामांच्या हातात दिलं आणि त्यांच्या कानाशी वाकून काय आहे ते हळूच सांगितलं.

मामांनी मान खाली घालून पानं उलटली. एकदा, मग पुन्हा एकदा. त्यांचा चेहरा उतरत गेला. मान वर न करताच ते पुटपुटल्यासारखं म्हणाले, "आप्पा, ह्यांनी तुमच्या बाईला एकाहत्तरावी केलीय. आन् माझ्या माणसाचं तर नावच न्हाई."

आप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "पातळ म्हणतो! पातळ न्हाई, सरळ हाय. रुळासारखा."

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करताहेत, एकाहत्तराव्या नंबराला किंमतच देत नाहीत. पण मामा हसले नाहीत. ते आप्पांकडे अशा नजरेनं बघत होते की माझंही हसणं थांबलं. लाल पुकारल्यावर ड्रायव्हरनं हिरवा म्हणावं, तसं झालं होतं.

मग आप्पांना शंका आली. ते उठले, चष्मा आणला, मासिक हिसकावून घेतलं आणि तिचा फोटो बघितला. फोटोशेजारचा आकडा बघितला. त्यानंतर जे झालं ते गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं असेल. "एकाहत्तर? मग ह्ये आधीचे सत्तर जण कोण? आरं, ह्यांनी तिला ऐकलीय तरी का? आपल्याकडं बैलगाड्याच्या शर्यतीत पंच निदान घाटात, बैल पळत्यात तिथं, तरी हजर असत्यात!"

मामा निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले.

"मामा, काय हाय ह्ये?"

"ऐकू येत न्हाई त्यांना," मामा म्हणाले. "इंजनात आयुष्य गेलं, दुसरं काय व्हणार? लई दिस झाले. म्हणून तर मी वाद बदलत न्हाई. त्याच ओळीनं बोलतो, म्हंजी त्यांना ठावं असतं आता माझं कंचं येणार. आज त्या कागदानं माझं डोकं फिरलं, आन् ओळ चुकली."

"आन् आम्हाला सांगितलं न्हाई तुम्ही?"

"त्यांनीच मला सांगितलं न्हाई. मग मी तुम्हाला कसं सांगू?"

मला मामांचा राग आला आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. दोन्ही एकदमच. काय करावं ते ठरेपर्यंत ते गेले.

तरी माझा विश्वास बसेना. आप्पा चपला शोधत होते, त्यांच्या मागे जाऊन मी अगदी वहिनीच्या आवाजात म्हटलं, "आप्पा, एकाहत्तर बराबरच हाय. तिला तेवढंच येतं." हे ऐकलं असतं तर त्यांनी मला चौफुल्याच्या बसमध्ये नेऊन बसवलं असतं. ते शांतपणे चपलेत पाय सरकवत राहिले.

आत येऊन वहिनीला सांगितलं. ती कणिक मळत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजी आप्पा माझ्यावर रागावलेले न्हाईत?"

"रागावायला आधी ऐकू तर यायला पाह्यजे," मी म्हटलं.

तिनं बोटांची कणिक निपटून काढली. म्हणाली, "पण आठ वर्सं मला कसं कळलं न्हाई?" मला तरी कुठं कळलं होतं? मी येऊन माझ्या आवाजात ओरडायची, त्यांना कळायचं, आणि मला वाटायचं सगळं ठीक आहे. फोनवर ते "बरं हाय सगळं, ठेव" एवढंच म्हणायचे, तेही त्यांच्या स्वभावात बसत होतं.

कानाच्या डॉक्टरांकडे जायला आप्पा तयार होईनात. शेवटी मामांनी त्यांच्या तोंडासमोर येऊन ओरडून सांगितलं की मलाच माझे कान दाखवायचेत, सोबतीला चला. सोबतीला म्हटल्यावर आप्पा आले. मीही गेले. दवाखान्यातल्या मुलीनं त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं, कागदावर रेघा काढल्या आणि मग दोन्ही कानांत मशीन बसवून दिलं, नुसतं बघण्यासाठी.

आप्पांनी आधी वर बघितलं. "पंखा वाजतोय," ते म्हणाले. त्या मुलीनं टेबलावरचे कागद सारखे केले, तर त्यांनी कागदांकडे बघितलं. मामा खोकले, तर मामांकडे बघितलं आणि हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं लहान मुलासारखं हसताना बघत होते. मला वाटलं, जिंकलो.

मग ते म्हणाले, "तिचं लाव."

कुठलं ते विचारायची गरज नव्हती. त्यांचं एक ठरलेलं गाणं आहे. मी मोबाईलवर शोधलं आणि लावलं. आप्पांनी डोळे मिटले. पहिली ओळ संपायच्या आत त्यांनी डोळे उघडले. दुसरी ओळ त्यांनी माझ्या मोबाईलकडे बघत ऐकली, जणू चुकून दुसरंच काही लागलं असावं. मग त्यांनी एकेक करून मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"त्या मासिकवाल्यांचं बराबर हाय," ते म्हणाले. "एकाहत्तरच."

मी हसायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघून मिटलं. ते चेष्टा करत नव्हते. डॉक्टरांनी समजावलं की हे मशीन बोलणं ऐकायला असतं, गाणं पहिल्यासारखं येत नाही, सवयीनं थोडं बरं वाटेल. आप्पांनी डॉक्टरांना हात जोडले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मामा चालत निघाले. आम्ही दोघं रिक्षात बसलो. स्टेशनाच्या वळणावर आप्पा आपण होऊन बोलले.

"पत्र्याच्या डब्यात बसून गाती तसं येतं त्यात. माझ्या डोक्यात ती अजून जशीच्या तशी हाय. सगळी गाणी, पेटी कुठं थांबती, ती श्वास कुठं घेती, सगळं. ह्ये मशीन घातलं की ते बिघडंल. आन् एकदा बिघडलं की मग काय ऱ्हायलं माझ्याकडं?"

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता.

"आप्पा, ती तुमची कोण लागती? तिनं कवा विचारलं का तुम्हाला, जेवलात का म्हणून? घरात जी रोज विचारती तिला तुम्ही आठ वर्सं उत्तर दिलं न्हाई. ती चाललीय घर सोडून. तिला वाटतं तुम्हाला ती नको हाय. तुम्ही डोक्यातली बाई सांभाळा, घरातली जाऊ द्या!"

रिक्षावाल्यानं गाडी हळू केली. एवढ्या मोठ्यानं बोलले म्हणजे आप्पांना ऐकू गेलंच. त्यांनी तोंड फिरवलं. घर येईपर्यंत रस्त्याकडे बघत होते. मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही. राग होता आणि रागाच्या खाली भीती होती. आई गेली ती तीन दिवसांत गेली. आप्पा ओट्यावर बसल्या जागी थोडे थोडे चालले होते, आणि जाताना बरोबर एका गाणारीला नेत होते, आम्हाला नाही.

भावानं मशीन घेतलंच. ते टीव्हीशेजारी डबीत पडून राहिलं. मी फोन करून विचारायची, वहिनी म्हणायची, "डबीतच हाय." हडपसरच्या खोलीचं काय, ते मी विचारत नव्हते आणि ती सांगत नव्हती.

नंतर एका रविवारी मी मुद्दाम गेले. मामा आले, पायरीवर बसले. आप्पा खुर्चीत सावरून बसले आणि पहिल्या वाक्याची वाट बघू लागले. मामांनी मासिक उघडलं. ते ओरडले नाहीत, नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलले. ते नेहमीचं वाक्य नव्हतं.

आप्पा म्हणाले, "पातळ म्हणतो!"

मामांनी नकारार्थी मान हलवली. तेच वाक्य पुन्हा म्हणाले, त्याच आवाजात. आप्पा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. "आपल्यातला म्हणतो?" त्यांनी विचारलं. खणखणीतपणा गेला होता. मामांनी पुन्हा मान हलवली आणि तिसऱ्यांदा तेच म्हटलं. इंजिनात ड्रायव्हरनं चुकीचं परत म्हटलं तर असिस्टंटनं पुन्हा पुकारायचं असतं, बरोबर येईपर्यंत. मामा तेवढंच करत होते. मला ते बघवेना. मी म्हणणार होते, मामा, जाऊ द्या, जुनंच चालू करा.

आप्पा उठून आत गेले. मला वाटलं संपलं, आता हा वादही संपला. मामा खाली बघत होते.

आप्पा बाहेर आले ते दोन्ही कानांत मशीन घालून. उजवं तिरकं बसलं होतं. खुर्चीत बसत म्हणाले, "गाणं कुणी लावायचं न्हाई. नुसतं बोलायचं. हां, आता म्हण. चुकीच्या सिग्नलवर मी कवा गाडी काढली न्हाई."

मामांनी मासिक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मी म्हणत व्हतो, माझा माणूस ह्या यादीत न्हाई, म्हंजी यादी खोटी. आन् यादी खोटी, तर तुमची बाईबी एकाहत्तरावी न्हाई."

"यादी खोटी म्हणतो," आप्पा सावकाश म्हणाले. मग विचार करून म्हणाले, "मग पैली कोण?"

"त्ये आपण ठरवू की. घाई कुठं हाय?"

मी तोंड फिरवून गल्लीकडे बघत बसले. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. तिला आतून काहीच दिसलं नव्हतं. ती नेहमीसारखी आप्पांच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि नेहमीच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "आप्पा, चहा."

आप्पांनी मान वळवली. कप घ्यायला हात पुढे केला नाही, नुसते तिच्याकडे बघत राहिले.

"ह्यो तुझा आवाज व्हय?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या कानाकडे बोट दाखवलं.

"मला वाटायचं, ह्या पोरीला आपल्याशी बोलावंसंच वाटत न्हाई," आप्पा म्हणाले. "येती, कप ठिवती, जाती. मनात म्हटलं, नसंल आवडत म्हातारा. आपण कशाला मधी पडा."

"मी रोज बोलती की, आप्पा."

"काय बोलतीस?"

"कायबाय. जेवायचं, औषधाचं."

"बस हितं," आप्पा म्हणाले. मामांनी पायरीवर सरकून तिला जागा केली. "बस आन् सांग, आल्यापासनं काय काय बोललीस त्ये. पैल्यापासनं सांग."

वहिनीनं ट्रे खाली ठेवला आणि अंग चोरून पायरीच्या कडेला बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं आठवून बघितलं.

"पैल्या दिवशी मी इचारलं व्हतं," ती म्हणाली, "आप्पा, चहात साखर किती घालू?"

"एक चमचा," आप्पा म्हणाले. "तू तवापासनं दोन घालतीस."